केंपीच्या रक्तातलं लोह

मादय्याचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. उठल्यावर तो आधी तोंड धुवायचा नाही. आधी ठाणावर जायचा, घोडी उभी आहे की बसली आहे ते बघायचा, तोबऱ्यात रात्रीचा दाणा उरलाय का ते हाताने चाचपायचा आणि मग नळावर यायचा. थंडीत म्हैसूरला त्या वेळी धुकं असतं. चामुंडीचा डोंगर दिसत नाही, समोरचा माणूसही नीट दिसत नाही. पण मादय्याच्या बादलीचा आवाज ऐकू आला की मी भट्टी पेटवायला उठायचो.

मी तिथल्या शर्यतीच्या मैदानावर नालबंद होतो. घोड्याचा पाय रोज हातात येतो, त्यामुळे त्याच्या मोतद्दाराची लायकी मला न विचारता कळते. खूर आतून कोरून साफ केलेला आहे की वरवर पाणी मारलंय, हे लपत नाही. बहुतेक मोतद्दार घोडा पुसत नाहीत, धूळ इकडची तिकडे करतात. मादय्या पुसायचा. खरारा झाला की गवताची जुडी, जुडी झाली की कापड, कापड झालं की नुसता तळहात. त्याचं अंग घामाने भिजेपर्यंत घोडीचं अंग कोरडं झालेलं असायचं. साठीला आलेला माणूस, उजवा गुडघा वाकत नव्हता, तरी खालचे पाय पुसताना तो स्टूल घ्यायचा नाही. एका गुडघ्यावर बसायचा आणि उठताना ठाणाच्या खांबाला धरायचा.

पूर्वी त्याच्याकडे दोन घोडे असायचे. गुडघा गेल्यावर आमच्या ट्रेनरने, लोबो साहेबांनी, एक काढून घेतला. उरली ती केंपी. शर्यतीच्या यादीत तिचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, ते कुणाच्या तोंडात बसत नव्हतं. रंगाने तांबडी म्हणून मादय्या तिला केंपी म्हणायचा, मग सगळेच म्हणायला लागले. तबेल्याचा नियम साधा होता. घोडा आहे तोवर मोतद्दार आहे, आणि मोतद्दार आहे तोवर मागच्या चाळीतली खोली आहे. त्या खोलीत मादय्या आणि त्याची बायको तायम्मा राहायचे. या वयात त्याला दुसरा घोडा कुणी दिला नसता. म्हणजे केंपी गेली की नोकरी जाणार आणि खोलीही जाणार, हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं आणि लोबो साहेबांनाही माहीत होतं.

केंपी उत्तरेकडून ट्रकने आली होती. दोन दिवस मान वर बांधून उभी. उतरली तेव्हा अंगात ताप होता. ताप आठवड्यात गेला, घोडी खायला लागली, दोन शर्यतींत बरी पळाली. पण पावसाळा संपता संपता तिची कातडी निस्तेज झाली. तुकतुकी गेली, बरगड्या मोजता येतील अशी झाली. उकडलेले हुलगे ती कधी सोडायची नाही, तेही तोबऱ्यात उरायला लागले.

एके सकाळी मादय्याने माझ्यासमोर तिची खालची पापणी ओढून बघितली.

"बघ साबी. कागदासारखी पांढरी. रक्तच नाही हिच्यात."

"डॉक्टरला दाखव."

"दाखवतील साहेब, त्यांना सवड होईल तेव्हा. तोवर मी काय हात बांधून बसू?"

त्याचे आजोबा राजवाड्याच्या पागेत होते. त्यांच्यापासून चालत आलेला एक उपाय तो करायचा. गूळ घातलेल्या पाण्याची बादली घेऊन तो माझ्या भट्टीपाशी यायचा आणि तापून लाल झालेली नाल त्यात विझवायला सांगायचा. ते पाणी घोडीला पाजायचं. त्यातून लोखंड अंगात उतरतं अशी समजूत. मैदानावरचे सगळे जुने मोतद्दार हे करायचे.

"लाल असतानाच टाक. काळी पडल्यावर काय उपयोग?"

"अण्णा, माझं काम अडलंय."

"तुझं काम अडेल, घोडी आडवी होईल. काय बरं?"

पलीकडच्या ठाणावरचा रंगास्वामी हे रोज ऐकायचा. "साबी, अण्णाला पण एक पेला दे," तो म्हणायचा. "गुडघ्यात नाल बसल्यासारखं होईल."

"तुझ्या जिभेला बसव आधी," मादय्या म्हणायचा. "सुटीच फिरते."

नालेच्या पाण्याने घोडी आडवी झाली नाही, पण सावरलीही नाही. शेवटी लोबो साहेबांनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांचं नाव हेमलता, जनावरांच्या डॉक्टर, बोलायला मोजक्या. त्यांनी रक्त घेतलं, बेंगळूरुला तपासायला पाठवलं. निकाल घेऊन त्या आल्या तेव्हा मी केंपीचा मागचा पाय मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मादय्या तोंडाशी दोरी धरून उभा होता.

"लोह खूप कमी आलंय," त्या म्हणाल्या. "ड जीवनसत्त्वही कमी आहे."

लोबो साहेब म्हणाले, "मग द्या दोन्ही. सुया मारा."

"नाही. हे दोन्ही संपलेलं नाहीये. अंगात कुठेतरी दाह आहे, जुना. त्यामुळे आकडे खाली आलेत."

लोबो साहेबांनी घड्याळ बघितलं. तेव्हा बाई मादय्याकडे वळल्या. "मादय्या, गावात दंगल झाली की दुकानदार काय करतात?"

"शटर ओढतात, अम्मा."

"माल संपलेला असतो का?"

"नाही. आत असतो."

"तसंच आहे हे. रोगाच्या जंतूंना वाढायला लोह लागतं. म्हणून दाह झाला की शरीर स्वतःचं लोह आत कोंडून ठेवतं, रक्तात सोडत नाही. आपल्याला रक्तात कमी दिसतं. आता बाहेर आणखी माल टाकला तर कुणाला मिळेल?"

"लुटणाऱ्याला."

"बरोबर. ड जीवनसत्त्वही दाहात असंच खाली उतरतं. का उतरतं ते आम्हालाही पूर्ण उलगडलेलं नाही, पण उतरतं. हे आकडे म्हणजे धूर आहे. आग इथे आहे." त्यांनी केंपीच्या उजव्या बरगड्यांवर खाली हात ठेवला. "नळी लावून ऐकलं तर या भागात श्वास ऐकू येत नाही. ट्रकमधल्या तापाचा पू राहिला असावा. दोन महिने पू मारणारं औषध आणि पूर्ण विश्रांती. सराव नाही, खोगीर नाही. दोन महिन्यांनीही लगेच पळवायची नाही."

लोबो साहेबांचा चेहरा उतरला. मालक कोडगूचा कॉफीमळेवाला, त्याला घोडी मैदानावर दिसायला हवी होती. साहेब म्हणाले, "दोन महिने देतो. मग परत रक्त तपासा. आकडे वर आले तर सराव सुरू. नाही आले तर मालकाला सांगतो, घेऊन जा. रिकाम्या ठाणाला मी पगार देत नाही."

हे वाक्य बोलताना त्यांनी मादय्याकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. मालकाचा एक घोडा आधीही असाच 'घेऊन' गेले होते. तो मळ्यावर पोचला नाही. कुठे पोचला हे कुणी विचारलं नाही.

त्या दोन महिन्यांत मादय्याने जितकं काम केलं तितकं मी कुठल्या तरुण मोतद्दाराला करताना बघितलं नाही. औषधाच्या सुया बाई आणि त्यांचा मदतनीस देऊन जायचे. बाकी सगळं मादय्या. ठाणातला भुसा दिवसातून दोनदा पूर्ण बदलायचा, कारण मुताच्या वासाने छातीला त्रास होतो असं बाई म्हणाल्या होत्या. वाळलं गवत पाण्यात भिजवून, निथळून घालायचा म्हणजे धूळ नाकात जात नाही. दुपारी सगळे मोतद्दार नाचणीचा उंडा खाऊन सावलीत आडवे व्हायचे तेव्हा हा घोडीला घेऊन वाळूच्या गोलात उन्हात चालत असायचा. पुढे हा लंगडत, मागे ती मान टाकून.

"अण्णा, घोडीला ऊन चारायला नेतोस?" रंगास्वामी सावलीतून ओरडायचा. "मलाही ने. माझ्याही हाडांत काही नाही."

"तुझ्या डोक्यात काही नाही. त्याला ऊन लागत नाही."

बाईंनी त्याला सांगितलं होतं की घोड्याला उन्हातून ड जीवनसत्त्व फारसं मिळत नाही, उन्हात वाळवलेल्या गवतातून मिळतं, पण चालवा हळूहळू, हवा लागेल. त्याने 'चालवा' एवढंच ऐकलं.

एकदा तायम्मा माझ्याकडे आली. पदराने कपाळ पुसत भट्टीपाशी उभी राहिली.

"साबी, खरं सांगा. हे प्यायला लागलेत का?"

"नाही अक्का. का?"

"पगार हातात येत नाही. विचारलं तर म्हणतात, येईल. गेल्या महिन्यापासून तांदूळ उधारीवर आणतेय मी."

मी म्हणालो, मला वास आला नाही. ते खरं होतं. पगार कुठे जात होता ते मला पुढे कळलं, ते इथेच सांगून टाकतो. बाजारात गुराढोरांची औषधं विकणारं एक दुकान होतं, तिथे मादय्या लोहाची इंजेक्शनं विकत घ्यायचा. तपकिरी बाटली, आत काळपट लाल औषध. एक दिवसाआड, सगळे झोपलेले असताना दुपारी, तो ती केंपीला टोचायचा. बाईंच्या सुयांच्या खुणांत त्याची खूण मिसळून जायची.

त्याला बाईंचं कळलं नव्हतं असं नाही. शटरचं उदाहरण त्यानेच पुढे चार जणांना सांगितलं होतं. पण त्याच्या हातून पूर्वी एक घोडा लोहाने उठलेला होता. पोटात रक्त पिणारे जंत झालेला घोडा, असाच पांढरा पडलेला. जंताच्या औषधाबरोबर लोहाच्या सुया दिल्या आणि पुढच्या हंगामात तो जिंकला. त्या घोड्याचं रक्त खरोखरच सांडत होतं, केंपीचं सांडत नव्हतं. एवढाच फरक होता. पण एकदा हाताने घोडा उठवलेल्या माणसाला तो फरक पटवणं कठीण. शिवाय साहेबांनी त्याच्यासमोर आकडा मागितला होता. दाह गेला पाहिजे असं साहेब म्हणाले नव्हते. आकडा वर आला पाहिजे म्हणाले होते.

दुसऱ्यांदा रक्त तपासून आलं, तेव्हा लोह वर आलं होतं. चांगलंच वर. लोबो साहेबांनी केंपीच्या मानेवर थाप मारली आणि मादय्याच्या खांद्यावर पण मारली. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

बाई मात्र हातातल्या फोनकडे बघत राहिल्या.

"लोह वर आलं, पण ड जीवनसत्त्व होतं तिथंच आहे. थोडं खालीच."

"त्याचं काय एवढं?" साहेब म्हणाले.

"आग विझली असती तर दोन्ही वर यायला हवे होते. एकच कसं आलं?" त्यांनी मादय्याकडे बघितलं. "हिला काही दिलंत का तुम्ही?"

"पाणी दिलं अम्मा. नालेचं. सगळेच देतात."

"नालेच्या पाण्याने एवढं चढत नाही."

"मग तुमच्या औषधाने चढलं असेल," मादय्या म्हणाला.

साहेब हसले. "घ्या, तुमचंच कौतुक करतोय तो."

"मला अजून एक महिना द्या," बाई म्हणाल्या. "दाह मोजायची दुसरी तपासणी करू. बेंगळूरुला नेऊन छातीचा फोटो काढू."

"डॉक्टर, आकडे तुम्हीच आणलेत. आता आकडा आला तर तुम्हीच नको म्हणता. मालकाला मी काय सांगू? घोडीचं लोह बरोबर आहे पण डॉक्टरला आवडलं नाही?"

औषध बंद झालं. मला निरोप आला, सरावाच्या हलक्या नाला बसव. मी बसवल्या. मादय्या पाय धरायला बसला होता. त्याने इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा स्वतःहून गप्पा मारल्या. संक्रांतीला नातवंडं येणार होती, त्यांना घोडी दाखवायची होती, असं काही बोलला. केंपीने त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकली होती आणि जोराने श्वास घेत होती. उभ्या घोडीला एवढा श्वास लागत नाही. बाई उंबऱ्यापाशीच होत्या. त्यांनीही ते ऐकलं आणि साहेबांना पुन्हा एकदा म्हणाल्या, नका पळवू. साहेब फोनवर होते.

पहिले काही दिवस ती नुसती दुडक्या चालीने गेली. घाम जास्त यायचा, मादय्या पुसून काढायचा. मग पूर्ण वेगात सोडली. जॉकी उतरला आणि म्हणाला, शेवटच्या वळणावर घोडी विझल्यासारखी झाली. नाकपुडीच्या कडेला लाल पाणी होतं. मादय्याने ते जॉकीच्या आधी बघितलं आणि बाहीने पुसलं.

दुपारपर्यंत ताप चढला. केंपी उजव्या कुशीवर बसेना, उभीच राहिली, कोपरं बाहेर काढून. बाई आल्या, नळी लावून ऐकलं. सलाईन लावलं, सुया दिल्या. मादय्याने तिचं डोकं खांद्यावर घेतलं होतं. घोड्याचं डोकं जड असतं. ते त्याने दुपार, संध्याकाळ आणि पुढची सकाळ तसंच धरलं. मध्ये रंगास्वामीने येऊन म्हटलं, "दे अण्णा, मी धरतो, तू जेवून ये." त्याने मान हलवली. रंगास्वामी बोलबच्चन माणूस, पण त्याने गुपचूप त्याच्या पाठीमागे गवताची पेंढी टेकवून दिली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर ती खाली बसली. मग आडवी झाली. मग संपली.

विम्यासाठी चिरफाड करणं भाग होतं. शेणाच्या ढिगामागे ताडपत्री बांधून तिला तिथे ओढत नेली. चिरफाड करण्याआधी नाला काढायची पद्धत आहे, म्हणून मी तिथे होतो. चारही काढल्या, फारशा झिजल्या नव्हत्या. मादय्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो आला आणि तिच्या तोंडाशी, नेहमीच्या जागी, उभा राहिला. फक्त हातात दोरी नव्हती.

बाईंनी छाती उघडली. उजव्या फुप्फुसात नारळाएवढी पिशवी होती, फुटलेली. वास आला तसे विम्याचे साहेब लांब जाऊन उभे राहिले. लोबो साहेब आधीच लांब होते. जाता जाता मादय्याला म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत खोली राहू दे." त्यांच्या मते हे चांगुलपणाचं होतं.

मग बाईंनी पोटातलं काळीज, म्हणजे यकृत, काढून प्लास्टिकच्या टबात ठेवलं. मी कसायाच्या दुकानात वाढलेला माणूस, काळीज कसं असतं मला माहीत आहे. हे तसं नव्हतं. गंजलेल्या पत्र्यासारखं तपकिरी, काही ठिकाणी काळं. बाईंनी सुरीने एक काप घेतला, उजेडात धरला आणि बराच वेळ बघितला.

"हे लोह आहे," त्या म्हणाल्या. "साठलेलं. हिच्यात लोह कमी नव्हतंच कधी."

माश्या यायला लागल्या होत्या.

"अम्मा," मादय्या म्हणाला, "यात तिचं किती, आणि मी दिलेलं किती?"

बाईंनी वर बघितलं. "किती दिलंत?"

"एक दिवसाआड. रक्त घ्यायच्या आठवड्यात रोज."

"मी शटरचं सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं होतं. मला वाटलं, आत माल भरतच राहिलो तर दार कधीतरी आपोआप उघडेल."

बाईंनी सुरी खाली ठेवली. रागावतील असं मला वाटलं होतं. त्या नुसत्या थकलेल्या दिसल्या. "सुयांनी मेली असं मी लिहिणार नाही. पू होताच, तो वाढत होता. लोहाने त्याला बळ मिळालं असेल. आणि तो आकडा चढला नसता तर तिला सरावाला सोडली नसती."

"मग तिला घेऊन गेले असते."

"हो," बाई म्हणाल्या. "बहुतेक."

आणखी विश्रांती मिळाली असती तर ती जगली असती का, हे मी विचारलं नाही. विश्रांती कुणी देणारच नव्हतं.

काळजाचा एक तुकडा त्यांनी तपासणीसाठी बरणीत घेतला. अंगात इतकी औषधं गेलेली म्हणून बाकी सगळं चुना टाकून पुरायचं ठरलं. खड्डा कुंपणापाशी खणला होता. मजूर केंपीला ओढत घेऊन गेले. टब राहिला होता. एक मजूर तो उचलायला आला तेव्हा मादय्याने त्याला हाताने थांबवलं.

दोन महिन्यांचा पगार, पहाटे साडेतीनपासून कमावलेला, तपकिरी बाटल्यांमधून घोडीत गेला होता, आणि जिथे गेला ते त्या टबात होतं. मादय्या टबापाशी एका गुडघ्यावर बसला, टब दोन्ही हातांनी छातीशी घेतला, ताडपत्रीच्या खांबाला पाठ टेकून उठला आणि लंगडत खड्ड्याकडे निघाला. टब वजनदार होता. मध्ये कुठेही त्याने तो खाली ठेवला नाही.